एकतीस डिग्रीचं दूध

आपल्या खिशातल्या पेनात रिफील नाही, हे बाळासोला शिक्रापुरात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कळलं. कंपनीतल्या एका बाईंनी दुधाचा रतीब लावायचा म्हणून त्याचा फोन नंबर लिहून मागितला होता. बाळासोनं ऐटीत पेन काढलं, दहा आकडे ओढले, आणि कागद होता तसा पांढराच राहिला. बाई हसून म्हणाल्या, दादा, तुमचं पेनही दुधासारखंच दिसतंय, काहीसुद्धा मिसळलेलं नाही. बाळासोही हसला. पण चार जिने उतरेपर्यंत त्याच्या कानात 'मिसळलेलं' एवढाच शब्द वाजत राहिला.

रिकामे कॅन खडखडवत तो वस्तीवर आला तेव्हा अकरा वाजले होते. फेब्रुवारी निम्मासुद्धा झाला नव्हता आणि ऊन चैत्रासारखं लागत होतं. कालव्याला पाणी नव्हतं, घास वाळला होता, दोन्ही जर्सी गाया उसाचं वाढं चघळत उभ्या होत्या. गोठ्याच्या सावलीत तीन पोरी मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं घरातली, दारातली आणि बहुधा शेजारच्यांचीही पेनं पोट फाडून पडली होती.

मधली त्याची राजनंदिनी. एका बाजूला विठाबाईची नात नकुशी. दुसरीकडं सोनम, तिचे वडील उत्तरेकडून आलेले, कंपनीत कामाला, शिक्रापुरात खोली करून राहणारे, रतीबही बाळासोचाच. तिघी फाट्यावरच्या शाळेत नववीत तिसऱ्या बाकावर.

"पप्पा, रिफील रिकामीच व्हती तुमची," राजनंदिनी म्हणाली. "म्हणून घेतली."

"थोडी व्हती," बाळासो म्हणाला.

"थोडी सांडली."

हा सगळा उद्योग मर्सी मॅडमचा होता. मॅडम शिरूरहून स्कुटीवर यायच्या. त्या येण्याआधी शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन व्हायचं आणि दरवर्षी त्यात थर्माकोलचा ज्वालामुखी असायचा. ज्वालामुखी एकच होता. तो शिक्रापूरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला होता, आणि पाच वर्षांत पाच घरांतून, पाच मुलांच्या नावानं त्याचा उद्रेक झाला होता. चौथ्या वर्षी त्याला बक्षीसही मिळालं. मर्सी मॅडमनी आल्या आल्या तो माळ्यावर टाकला आणि वर्गाला सांगितलं, गट करा, आपल्या गावात मोजण्यासारखं काय आहे ते शोधा, मोजायचं साधन विकत आणायचं नाही, स्वतः करायचं. तिसऱ्या बाकानं दूध घेतलं.

साधन तयार होत आलं होतं. गुरांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली इंजेक्शनची काचेची बाटली, तिच्या रबरी बुचात खोचलेली रिकामी रिफील. बाटली दुधात सोडायची. दूध दाट असलं की ती वर राहते, पातळ असलं की खाली जाते, आणि रिफील किती बुडाली त्यावरून कळतं. पोरींनी तिचं नाव डुबुक ठेवलं होतं. फक्त डुबुक उभी राहत नव्हती, आडवी लोळत होती.

बाळासोला राहवलं नाही. त्यानं सायकलच्या जुन्या चाकातले छर्रे काढून आणले, मोजून बाटलीत टाकले, मेणानं बूच पक्कं केलं. डुबुक ताठ उभी राहिली. मग त्यानं घरातला खरा लॅक्टोमीटर काढला आणि दोन्ही एकाच भांड्यात सोडून रिफीलवर कुठं अठ्ठावीस, कुठं पंचवीस, कुठं बावीस, ते दाखवलं. सोनमनं नेलपॉलिशनं खुणा केल्या.

"अठ्ठावीस म्हंजी काय, काका?" नकुशीनं विचारलं.

"अठ्ठावीस म्हंजी डिग्री. चांगल्या दुधाची."

वस्तीवर डिग्री या शब्दाचे दोनच अर्थ होते. एक पुण्याला जाऊन घ्यायची आणि परत येऊन गाया सांभाळायच्या. दुसरी दुधाला लागायची. या दुसऱ्या डिग्रीत बाळासोचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दौंडच्या बाजारातून त्यानं हातानं फिरवायचं साय काढायचं जुनं मशीन आणलं होतं. दुधातली साय आधी निघायची. साय निघाली की दूध दाट होतं, लॅक्टोमीटर वर उड्या मारतो, तीस, बत्तीस, तेहेतीस. मग अलगद तांब्यानं पाणी सोडत जायचं, वाकून बघत राहायचं, आणि अठ्ठाविसावर हात थांबवायचा. या कामाला बाळासो पाणी घालणं म्हणत नसे. पाणी घालणारे लोक वेगळे, ते चोर. बाळासो डिग्री बसवायचा.

सायीचं तूप त्याच्या बायकोच्या, अनिताच्या माहेरी, वरवंडला, भावाच्या दुकानातून जायचं. तिथं त्याची फार वाहवा होती.

*

पुढच्या रविवारी पोरी वही आणि डुबुक घेऊन वस्तीवरच्या तेरा घरांत फिरल्या. विकायला जातं तेच दूध द्या, असं सांगून पेलाभर मागायच्या, मापायच्या, परत द्यायच्या. लोकांना मजा वाटली. काहींनी दूध दिलं नाही, चहा दिला.

सकाळी सातला त्या विठाबाईच्या दारात पोचल्या. विठाबाई बाळासोच्या चुलत्याची बायको, सत्तरीची, सगळी वस्ती तिला नानी म्हणायची. घरात ती आणि नकुशी, आणि दावणीला एकच गाय, चंद्री. दोन वेळचं दूध बाळासोच्याच कॅनमध्ये यायचं. नानी नुकतीच धार काढून उठली होती. नातीचं काम म्हटल्यावर तिनं चरवीतलं दूध तसंच फेसासकट पेल्यात ओतलं. पेल्याबाहेरूनही हाताला जाणवेल असं ऊन ऊन.

डुबुक सोडली. ती खाली गेली, अजून खाली गेली, आणि तेविसावर थांबली.

नकुशीनं बाहेर काढून पुसली, पुन्हा सोडली. तेवीस.

"लिव्ह की," नानी म्हणाली. तिला वाटलं तेवीस म्हणजे चांगलंच असणार.

बाळासोच्या घरी आल्या तेव्हा तो शिक्रापुरात होता. अनितानं फ्रीज उघडून संध्याकाळच्या वाटपासाठी ठेवलेल्या कॅनमधलं पेलाभर दूध दिलं, गारढोण. डुबुक त्यात टपकन वर आली आणि एकतिसावर डौलात उभी राहिली.

दुपारी बाळासोनं वहीत तो आकडा पाहिला. अठ्ठावीस बसवलेलं दूध फ्रीजमध्ये गार झालं की आकडा चढतो, आणि धारोष्ण दुधात उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नानीचा तेवीसही त्यानं पाहिला. तोंड उघडलं होतं त्यानं. पण गरम दुधाचं सांगायचं तर गारचंही सांगावं लागलं असतं, आणि एकदा डिग्री खालीवर कशी होते हे सांगायला बसलं की माणूस कुठं जाऊन थांबेल याचा नेम नाही. त्यानं वही मिटून राजनंदिनीला दिली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाला.

*

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन होता. पटांगणात मांडव, भिंतीला तक्ते. तिसऱ्या बाकाच्या तक्त्यावर तेरा घरं, तेरा आकडे. मॅडमनी खाली लाल शाईत लिहिलं होतं की ही पहिलीच मोजणी आहे, निष्कर्ष काढायचा नाही. लाल शाईतलं कुणी वाचत नाही.

पाहुणे आनंदराव आबा होते. आबा दूध संस्थेचे माजी चेअरमन, पण 'माजी' हा शब्द त्यांच्यापुढं कुणी उच्चारत नसे. त्यांनी तक्त्यापुढं उभं राहून चष्मा लावला, बोट फिरवलं, आणि एकतिसावर येऊन थबकले. उभ्या हयातीत एकतीस डिग्री आपण पाहिली नाही, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. अशा माणसाचा सत्कार झाला पाहिजे, असंही सांगितलं. त्यांच्यासाठी आणलेली शाल त्यांनी तिथल्या तिथं बाळासोच्या खांद्यावर टाकली आणि नारळ हातात दिला.

मर्सी मॅडम पुढं होऊन काही सांगायला लागल्या, की आबा, हे स्पर्धेसाठी नाही, मुलींना अजून तपासायचंय. आबा म्हणाले, मॅडम, तुमचंही कौतुक करणारच आहे, जरा थांबा. मग त्यांचं बोट खाली सरकलं.

"आन् ही तेवीस कुणाची? विठावहिनी? वहिनी, गाय विहिरीवर बांधता का विहिरीत?"

मांडव हसला. मागं बायकांत नानी बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, नातीचं नाव पुकारतील म्हणून. हसणं कशावर आहे ते तिला आधी कळलंच नाही. तीही थोडी हसली. शेजारणीनं कानात सांगितलं तेव्हा तिनं पदर पुढं ओढला आणि उठून, चपला हातात घेऊन, मांडवाच्या कनातीखालून बाहेर गेली. तिच्यामागं नकुशी.

बाळासो स्टेजवर उभा होता. शाल लोकरीची होती, आणि दुपारचा दीड वाजला होता. मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात आबांचा हात. त्याला एवढंच म्हणायचं होतं की आबा, नानीचं दूध गरम होतं. पाच शब्द. फोटोवाला म्हणाला, दादा, जरा हसा. बाळासो हसला. तो फोटो संध्याकाळपर्यंत वस्तीच्या ग्रुपवर आला. त्यात बाळासो असा दिसत होता, की कुणीतरी त्याच्या पायावर उभं आहे आणि तो माणूस मोठा असल्यामुळं त्याला बोलता येत नाही.

राजनंदिनीनं फोटोला अंगठा दिला नाही. बाकी सगळ्यांनी दिला.

*

दुसऱ्या दिवसापासून नानी दूध घालताना मान वर करेना. चरवी पुढं करायची आणि म्हणायची, तपासून घे बाबा. बाळासो लॅक्टोमीटर सोडायचा. तोवर दूध निवलेलं असायचं. अठ्ठावीस.

"बरं हाय," तो म्हणायचा.

यापलीकडं तो काही म्हणाला नाही. नानीला वाटलं, घरचा माणूस आहे, झाकून घेतो.

चौथ्या दिवशी चरवी निम्मी आली. पाचव्या दिवशी तांब्याभर. सहाव्या दिवशी कुणीच आलं नाही, तेव्हा बाळासो दुपारी तिच्या घराकडं गेला. नकुशी विज्ञान दिनापासून शाळेत गेली नव्हती, हे त्याला राजनंदिनीकडून कळलं होतं.

चंद्री हौदापासून लांब, बाभळीला बांधलेली होती. दावं आखूड केलं होतं. तिचे डोळे आत गेले होते, नाकपुडी कोरडी, भेगाळलेली. ती मान हौदाकडं ताणून उभी होती, आणि दाव्यानं गळ्यावरचे केस घासून गेले होते. खाली शेण पडलं होतं ते शेळीच्या लेंड्यांसारखं, गोळ्या गोळ्या. बाळासोनं तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, कापडाची चुणी राहावी तशी.

"नाने, गाय आजारी हाय का?"

नानी उंबऱ्यात बसून तुरी पाखडत होती. "न्हाई. पाणी तोडलंय तिचं."

बाळासोला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"दिसाला एक बादली देती," नानी म्हणाली. "लई पेत व्हती रं. चार चार बादल्या. माणूस लई पाणी पेला की त्याचं पातळ व्हतं का न्हाई? गाईचं काय येगळं असतंय? म्या तर एक थेंब घातला न्हाई, चंद्रीची शपथ. मग पाणी आलं कुठनं? तिच्या पोटातनंच आलं."

सूप खालीवर होत राहिलं. बाळासोनं हौदातनं बादली भरली आणि बाभळीकडं निघाला. नानी सत्तरीची बाई, पण सूप टाकून आली आणि तिनं बादलीची कडी धरली. दोघांच्या ओढाताणीत निम्मं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. चंद्रीनं ओल्या मातीकडं तोंड नेलं आणि माती चाटली.

"सोड," नानी म्हणाली. "पाच दिस झाल्यात. अजून दोन दिस काढले की डिग्री यील. तुझं काय जातंय, तुला शाल घावली."

"नाने, तिच्यात खोट न्हाई. दूध गरम व्हतं त्या दिशी. धारेचं दूध गरम असलं की डिग्री उतरती. निवलं की बरूबर लागती. मी रोज बघतोय, अठ्ठावीस हाय."

नानीचा हात कडीवर तसाच राहिला.

"रोज बघतूयास?"

"व्हय."

"आन् त्या दिशी मांडवात? तवाबी ठावं व्हतं तुला?"

बाळासोनं पाण्याकडं बघितलं. बादलीत त्याचं तोंड हलत होतं.

"मंग बोलला का न्हाईस रं?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. ते त्याच्या घरात, गोठ्यामागच्या खोलीत, पोतं पांघरून ठेवलेलं होतं आणि त्याला फिरवायचा दांडा होता. तो म्हणाला, आबा बोलत होते, मध्ये कसं बोलायचं. नानीनं कडी सोडली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसली आणि तिनं सूप मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही.

चंद्रीनं बादलीत तोंड घातलं ते शिंगांपर्यंत. पाण्याचा गटगट आवाज तिच्या मानेतून जाताना दिसत होता. बाळासोनं एकदम पिऊ दिलं नाही, थांबवून थांबवून पाजलं. तिसऱ्या बादलीला तिनं मान वर केली आणि ओल्या नाकानं त्याच्या शर्टाच्या खिशाला ढुशी दिली. खिशात पेन होतं, अजून रिकामंच.

दाराआड नकुशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शाल आणि आबा यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. 'निवलं की बरूबर लागती' एवढं तिनं धरलं.

*

डुबुक राजनंदिनीकडं होती, ती नकुशीनं मागून नेली. दुसऱ्या दिवशी तिनं धारेचं दूध एका पेल्यात घेतलं, त्याला हात लावला नाही, आणि दर तासाला डुबुक सोडली. सातला तेवीस. आठला पंचवीस. दुपारी अठ्ठावीस. मग ती वही घेऊन एकटी फाट्यावरच्या शाळेत गेली आणि वर्गाच्या दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, दूध तेच, गाय तीच. आकडा सकाळी येगळा आन् दुपारी येगळा. मंग मोजायचं कवा?"

मर्सी मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी तो तास तिच्याकडंच सोपवला. गणिताचे सर येऊन परत गेले. पोरींनी पुन्हा तेरा घरांतून पेले गोळा केले, मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात तासभर उभे केले, सगळी दुधं सारखी गार झाल्यावर मोजली. नानीचं अठ्ठावीस. बाळासोचं अठ्ठावीस. जुन्या तक्त्यावर नवा कागद चिकटला.

रात्री जेवताना राजनंदिनीनं हे सांगितलं. अनिता म्हणाली, बघा, कुणाचंच वाईट नाही, उगं म्हातारीला रडवलं. बाळासोनं बऱ्याच दिवसांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. नानीचं नाव धुतलं गेलं, आपलं मळलं नाही. विज्ञान ही चांगली गोष्ट आहे, असं त्याला मनापासून वाटलं.

"पर सोनम म्हणती," राजनंदिनी ताटाकडं बघत म्हणाली, "तिच्या आईला दोन वर्षं झाली कोडं पडलंय. 'दूध अच्छा है, पर मलाई क्यों नहीं आती?'"

अनितानं उगाच भात वाढला.

"म्हणून आता साय मोजायची. सगळ्यांनी बाटलीत दूध भरून आणायचं, रातभर ठेवायचं, वर किती चढती ते पट्टीनं बघायचं. परवा न्यायचंय."

"मी देतो काढून," बाळासो म्हणाला.

"कॅनमधलं द्या पप्पा. इकायचं."

"देतो म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी तो पहाटे स्वतः धारेला बसला. मशीनच्या खोलीकडं गेला नाही. गाईखालून काढलेलं दूध त्यानं सरळ काचेच्या बाटलीत गाळलं आणि फडक्यानं बाटली पुसून ओट्यावर ठेवली. राजनंदिनी दात घासत उभी होती. रोज संध्याकाळी त्या मशीनच्या चकत्या सुट्या करून तीच धूत असे, चोवीस चकत्या, लहानपणापासून. एकही इकडची तिकडं होऊ देत नसे.

"हे कॅनमधलं हाय का, पप्पा?"

"आपलंच हाय."

तिनं चूळ भरली. बाटलीवर कागद चिकटवला, त्यावर त्याचं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, वडलांच्या नावासकट.

*

शुक्रवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बाकं ओळीनं मांडली होती आणि बाकांवर बाटल्या. मांडव नव्हता, माइक नव्हता. मॅडमनी एवढंच कळवलं होतं की मागच्या तक्त्यात दुरुस्ती आहे, ज्यांची नावं होती त्यांनी येऊन बघावी. आनंदराव आबांनी निरोप पाठवला होता की लग्न आहे. बाकी वस्ती आली. नानीही आली, घरच्याच लुगड्यात.

या वेळी बाटल्यांवर आकडे नव्हते. विज्ञान दिनानंतर मॅडमनी वर्गात नियम केला होता: बाटलीखाली फक्त प्रश्न लिहायचा, निकाल नाही. प्रश्नाखाली कोरी जागा, उत्तर ज्याला माहीत असेल त्यानं लिहावं. खिळ्याला सुतळीनं एक पेन टांगलं होतं.

पहिली बाटली नानीची. वर दोन बोटं साय, पिवळसर, जाड. खाली नकुशीच्या अक्षरात प्रश्न: पाणी तोडल्यावर गाय दूध कमी देते, पण डिग्री का वाढत नाही? नानीला वाचता येत नव्हतं. तिनं बाटलीला बोट लावून सायीची जाडी पाहिली आणि शेजारणीकडं पाहिलं. शेजारीण दुसरीकडं बघायला लागली.

बाळासो हळूहळू पुढं सरकत होता. त्याच्या नावाची बाटली नववी होती. तिच्यावरही दोन बोटं साय होती, नानीच्या बरोबरीची. त्यानं श्वास सोडला. मग त्याचं लक्ष तिला चिकटून ठेवलेल्या दहाव्या बाटलीकडं गेलं. वस्तीवर घरं तेरा आणि बाटल्या चौदा होत्या.

दहाव्या बाटलीत दूध वरपासून खालपर्यंत एकसारखं होतं. वर साय म्हणून दोऱ्याएवढी रेघ. चिठ्ठीवर सोनमच्या हिंदी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: रतीब, शिक्रापूर. दूधवाले: बाळासो काका.

दोन्ही बाटल्यांना मिळून एकच कागद होता. अक्षर चांगलं होतं, ते त्याला फार आधीपासून माहीत होतं.

'एकाच माणसाचं दूध. एकाच दिवशीचं. डिग्री दोन्हीला अठ्ठावीस. साय एकाला आहे, एकाला नाही. असं का? प्रश्न विचारणार: राजनंदिनी बाळासो.'

खाली कोरी जागा. बरीच सोडली होती.

मागून माणसं येत होती. अजून कुणी वाचलं नव्हतं, दोन बाटल्या मागं तूरडाळीच्या गप्पा चालल्या होत्या. बाळासो पुढं सरकला असता तर सरकता आलं असतं. उत्तर लिहिलंच पाहिजे असा नियम नव्हता. मर्सी मॅडम व्हरांड्याच्या टोकाला पाठमोऱ्या उभ्या होत्या, मुद्दामच असाव्यात. त्याला शालीची उगाच आठवण झाली. ती कपाटात होती, डांबराच्या गोळ्या घालून.

ओळीच्या सुरुवातीला नानी अजून आपल्या बाटलीपाशीच उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, बघा, निवलं की बरूबर लागतं, आमच्या बाळासोनंच सांगितलं मला.

त्यानं सुतळीचं पेन धरलं आणि कागदावर टेकवलं. ओढलं. कागद पांढराच. दाबून ओढलं, कागदावर नुसता ओरखडा उठला. त्यानं पेन उजेडात धरून पाहिलं. आत रिफील नव्हती. डुबुकनं शाळेचीही पेनं सोडली नव्हती.

आता पेन कुणाकडं तरी मागावं लागणार होतं. तोंडानं, सगळ्यांच्या देखत.

राजनंदिनी खांबाला टेकून उभी होती. एका बाजूला नकुशी, दुसऱ्या बाजूला सोनम, बाकावर बसल्यासारख्या.

"पेन हाय का गं?" बाळासोनं विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला. तूरडाळीच्या गप्पा थांबल्या.

तिनं दप्तरातून आपलं पेन काढलं, टोपण उघडून त्याच्या हातात दिलं. तिचा हात गार होता.

"पप्पा," ती हळू म्हणाली, "आकडा नका लिवू. अक्षरात लिवा."

बाळासोनं कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ मारून पाहिली. पेन चालत होतं.